भेस्तानच्या अकरा फेऱ्या

बुधवार, २७ ऑक्टोबर १९९९

चेतनला जाऊन आज वीस दिवस झाले. काल रजा संपली, कामावर गेलो. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळे नीट वागले. कोणी फार बोललं नाही, तेच बरं वाटलं.

ही डायरी जानेवारीत त्यानेच मला दिली होती. त्याला कुणा स्टेशनरीवाल्याकडून दोन मिळाल्या होत्या. नऊ महिने मी तिच्यात काही लिहिलं नाही. टेलिफोन खात्यात अठ्ठावीस वर्षं मी फक्त फॉल्ट-बुक लिहिलं आहे. नंबर कुठला, बिघाड काय, कारण काय, केव्हा दुरुस्त झाला. तेवढंच लिहिता येतं.

आज त्याच्या टेबलाचा खण उघडला. त्यात त्याच्या कामाची वही होती. तो आणि त्याचा मित्र धर्मेंद्र यांचं इथे सुरतेत, उधन्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे कुठे गेला, काय केलं, हे तो रोज लिहायचा. शेवटची नोंद अशी:

"गुरु. ७/१०. भेस्तान. मॉडेम झोपलं. १.२० ला फोन आला. जातो."

भेस्तानच्या डाइंग मिलकडे, कापड रंगवायच्या कारखान्याकडे, तो निघाला होता. पावणेदोनच्या सुमाराला उलट्या बाजूने कापडाचे ताके भरलेला टेम्पो आला. त्याच्यापुढचं मला लिहायचं नाही.

मॉडेम म्हणजे कॉम्प्युटरला टेलिफोनशी जोडणारा डबा, हे मला माहीत आहे. घरच्या कॉम्प्युटरवरून मिलचा नंबर लावून तिथलं काम इथे बसून कसं करता येतं, हे त्यानेच मला दाखवलं होतं. "आप्पा, आता पेट्रोल जाळायची गरज नाही," म्हणाला होता. मग त्या दिवशी तो डबा का झोपला? तो जागा असता तर चेतनला जावं लागलं नसतं.

मला फक्त हे कारण हवं आहे. ते कळलं की मी गप्प बसेन.

सुंदराला वही दाखवली. तिने हात लावला नाही. "कारण सापडनं तर पोऱ्या परत येई का?" म्हणाली आणि आत गेली.

शनिवार, ३० ऑक्टोबर

आधी लाइनवर संशय घ्यायचा, ही आमची पद्धत. भेस्तानला माझ्या बरोबरीचा सुपडू आहे. त्याला मिलचा नंबर देऊन लाइन तपासायला सांगितली. त्याने दोनदा तपासली. लाइन स्वच्छ. सात तारखेला त्या नंबरची तक्रारही नाही. रिंग जात होती. आत कोणी उचलत नव्हतं.

म्हणजे बिघाड टेबलावर होता.

मंगळवार, २ नोव्हेंबर

पाळी संपल्यावर धर्मेंद्रच्या दुकानात गेलो. चेतनची खुर्ची अजून तशीच आहे. तिच्यावर धर्मेंद्रने एक मॉनिटर ठेवला आहे, कोणी बसू नये म्हणून असेल.

मी विचारलं, "मॉडेम झोपतं म्हणजे काय?"

त्याला बरं वाटलं, कामाचं विचारलं म्हणून. एक डबा समोर ठेवून समजावलं. "काका, हा जुना माल. पाच-सहा वर्षांपूर्वीचा. कॉम्प्युटरवर याचा ड्रायव्हर असतो, म्हणजे याला कसं चालवायचं ते सांगणारी फाईल. त्या ड्रायव्हरमध्ये वीज वाचवायचं एक पान आहे. पानावर एक चौकोन. चौकोनात खूण केली की वीस मिनिटं काम नसलं तर डब्याचा पुरवठा बंद."

"मग रिंग आली तर?"

"नव्या डब्याला रिंग आली की जाग येते. याला येत नाही. हा आमच्या भाडेकरूसारखा, एकदा झोपला की दार तोडा."

"मग उठवायचं कसं?"

"समोर जाऊन. बटण दाबून, खूण काढून."

"मग चेतन खूण काढत नव्हता का?"

"काढायचा ना."

"मग परत लावायचं कोण?"

धर्मेंद्र कुठल्याशा कार्डाचा स्क्रू पिळत बसला. तो आधीच घट्ट होता. मग म्हणाला, "काका, ऑफिस म्हटल्यावर दहा हात लागतात. कोणीतरी लावतं. चा मागवू? सुरती चा, फुदिनावाली?"

मी नको म्हटलं. निघताना म्हणाला, "राहू द्या काका. सापडून काय करणार." सगळे हेच म्हणतात.

रविवार, ७ नोव्हेंबर

दिवाळी. आज एक महिना झाला. आमच्याकडे कढई ठेवली नाही. सकाळपासून शेजारच्या सरलाबाई, प्रमिलाबाई अशा एकेक जणी डबे घेऊन आल्या. दुखवट्याच्या घरात फराळ द्यायची रीत आहे. सुंदराने सगळे डबे ओळीने ठेवले, एकही उघडला नाही.

अमळनेरहून बन्सीलाल जिजांचं, माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं, पत्र आलं. सतरा ऑक्टोबरला चेतनला घेऊन मी तिथे मुलगी बघायला जाणार होतो. चांगलं घर होतं, मुलगी बारावी झालेली. जिजांनी त्या लोकांना कळवलं आहे. मुलीच्या वडिलांनी दुःख कळवलं आहे.

चेतनला मी सप्टेंबरमध्ये सांगितलं होतं. तो म्हणाला, "बघू आप्पा." त्याचा स्वभाव लाजरा होता. मी तो होकार धरला.

शनिवार, १३ नोव्हेंबर

आज सुट्टी. वही पहिल्यापासून वाचली.

तसला जुना डबा त्याच्या तीन गिऱ्हाइकांकडे होता. भेस्तानची मिल, उधन्यातला एक यार्नवाला, म्हणजे सुताचा व्यापारी, आणि कामरेजची एक पतपेढी. तिघांकडे एकच आजार.

कामरेजची नोंद, ४ मार्च: "तोच डबा, तोच रोग. कायमचा उपाय केला. ड्रायव्हरच्या फाईलमधली एक ओळ बदलली की वीज वाचवायचं पानच दिसत नाही. खूण करणार कुठे? ५ मिनिटं." ती ओळ त्याने खाली लिहून ठेवली आहे, कुठली फाईल, आधी काय, नंतर काय, सगळं. माझ्यासारख्यालाही करता येईल इतकं स्पष्ट. उधन्याला ९ मार्चला हाच उपाय. त्यानंतर या दोन ठिकाणांची नावं वहीत परत नाहीत.

भेस्तान मात्र अकरा वेळा आहे.

११ फेब्रुवारी: "खूण लागली होती. काढली."
१८ मार्च: "पुन्हा. कॉम्प्युटर वेळ दाखवतो, १२.४८ ला लागली. कोण?"
१ एप्रिल: "पुन्हा. १२.५०. कोण???"
१५ एप्रिल: "१२.५१."

यानंतर कोण असं विचारलेलं नाही. मे महिन्यापासून फक्त "भेस्तान. नेहमीचं." सगळे गुरुवार. ऑगस्टमधली एक नोंद तर मला कळतच नाही: "भेस्तान. मॉडेम ठीक होतं. तरी गेलो."

ठीक होतं तर कशाला गेला?

मी चार-पाच वेळा पानं मागेपुढे केली. पाच मिनिटांचा उपाय त्याला मार्चमध्येच माहीत होता. कामरेज लांब, तिथे पहिल्याच फेरीत केला. भेस्तान इतकं जवळ, तिथे अकरा फेऱ्यांत केला नाही. मिलशी वर्षाचा करार होता, म्हणजे फेऱ्या वाढवून फायदाही नव्हता. मग हा निव्वळ आळस. कारण काढल्याशिवाय फॉल्ट बंद करायचा नाही, हे मी त्याला लहानपणापासून सांगत आलो. तो माझ्याबरोबर खांबाखाली उभा राहून वर बघायचा तेव्हापासून.

त्याने ती एक ओळ बदलली असती तर आज तो असता.

गेलेल्या मुलाची लाज वाटली, हे लिहायला नको. पण वाटली.

मंगळवार, १६ नोव्हेंबर

अर्धी रजा टाकून भेस्तानला गेलो. बसने. चेतन पडला ती जागा कुठली ते मला माहीत आहे. त्या बाजूची खिडकी घेतली नाही.

मिलचे मालक धनसुखभाई. साठीचे असतील. माझं नाव सांगितल्यावर उठून उभे राहिले. "आवो काका, बेसो, बेसो." पाणी मागवलं. मग आपणहून म्हणाले, "उस दिन फोन मैंने किया था. हमारी रिंग रोड की ऑफिस से कपड़े के लॉट का लिस्ट नहीं आ रहा था. मैंने जरा जोर से बोला उसको. सोया है क्या, बोला. जल्दी आ, बोला."

मी म्हटलं, तुमची काही चूक नाही. असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हटलं.

मग कॉम्प्युटर बघायला मागितला. ऑफिसात तीन पुरुष आणि कॉम्प्युटरवर एक मुलगी, सोनाली. बावीस-तेवीसची, बारीक. परभणीकडची. वडील पांडुरंग लूमवर होते, पट्ट्यात हात गेल्यापासून घरीच असतात. घर हिच्यावर आहे, हे धनसुखभाईंनीच सांगितलं. "छोकरी होशियार छे. चेतन ने ही सिखाया सब."

मी तिला वहीत लिहिलेली फाईल उघडायला सांगितली. तिने उघडली, पण काम झाल्यावर माउसवरचा हात लगेच काढून मांडीवर ठेवला. फाईलची वेळ दिसली. ०७-१०-९९, १२.५२.

चेतन गेल्यानंतर त्या आठवड्यात धर्मेंद्रने येऊन बटण दाबून डबा उठवला होता आणि रिंग रोडवाल्यांना दर पंधरा मिनिटांनी एकदा नंबर लावत राहा म्हणून सांगून गेला होता. तेव्हापासून डबा झोपलेला नाही. खूण मात्र अजून तशीच होती. तिला कोणी हात लावला नव्हता, म्हणून वेळही तीच राहिली.

धनसुखभाई मागे उभे होते. "मतलब? किसी ने किया?"

मी म्हटलं, "हो. त्या दिवशी, बारा बावन्नला. फोन यायच्या अर्धा तास आधी."

त्यांचा चेहरा बदलला. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "बोरसेभाई, तमे टेलिफोनना माणस छो, ढूंढ निकालो. सोमवार तक मेरे को नाम दो. जो होगा उसी दिन घर जाएगा. मेरे यहाँ तो नहीं, ये पूरे भेस्तान में किसी मिल में काम नहीं मिलेगा उसको."

मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी सापडून काय करणार असं म्हणालं नाही.

गुरुवार, १८ नोव्हेंबर

पुन्हा गेलो, मुद्दाम साडेबाराला. तिन्ही पुरुष जेवायला नाक्यावर गेले. पावणेएक ते सव्वा ऑफिसात कोण असतं ते मला बघायचं होतं.

सोनाली एकटीच होती. टेबलावर जेवणाचा डबा, झाकण लावलेला.

मी समोरच्या स्टुलावर बसलो. काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "काका, मीच लावली."

"त्या दिवशी?"

"त्या दिवशी. त्याच्या आधी पण."

"अकराही वेळा?"

"पहिल्या वेळेस चुकून लागली. काय आहे ते बघत होते. नंतर... ऑगस्टमध्ये एकदा नव्हती लावली. माझी आई आजारी होती."

म्हणजे त्या 'मॉडेम ठीक होतं' वाल्या फेरीत. डबा चालू असूनही तो त्या दिवशी का आला, हे मला अजून कळलं नाही.

मी विचारलं, "त्याने तुला सांगितलं नाही, याने डबा बंद पडतो म्हणून?"

"सांगितलं ना."

"मग माहीत असून लावायचीस?"

तिने होकारार्थी मान हलवली.

मी आवाज चढवत नाही, पण आज चढला. काम करणाऱ्या माणसाला भर दुपारी उन्हातान्हात पळवणं, हा काय खेळ आहे का, असं बोललो. तिने ऐकून घेतलं. एकदाही चूक झाली, माफ करा, असं म्हणाली नाही. त्याचा मला जास्त राग आला. निदान तेवढं तरी म्हणायला हवं होतं.

"त्या दिवशी का लावलीस?"

"मला त्यांना एक विचारायचं होतं."

"कामाचं?"

तिने जेवणाचा डबा थोडा बाजूला सरकवला.

"मग फोन करायचा."

"फोनवर विचारता येत नव्हतं." मग म्हणाली, "नाव द्या काका माझं. मी कालच देणार होते. मालकांच्या दारापर्यंत गेले होते. घरी अण्णांचं, माझ्या वडिलांचं, काय करू ते सुचंना, म्हणून परत आले. तुम्ही दिलं तर बरं होईल."

कारण सापडलं. नाव आहे, वेळ आहे, कबुली आहे. बसमध्ये मला वाटत होतं की आता हलकं वाटेल.

शुक्रवार, १९ नोव्हेंबर

सुंदराला सगळं सांगितलं. सोमवारी नाव देणार, हेही. ती मेथी निवडत होती. निवडायची थांबली.

"कशी शे ती पोर?"

मी म्हटलं, कशी म्हणजे काय, आहे एक, बारीकशी.

"तुम्ही इतलं बोलनात तिले. ती रडनी का?"

"नाही."

मग तिने विचारलं की ती डबा एकटीच खाते का, आणि चेतन गुरुवारी किती वाजता तिथे पोचायचा. मी म्हटलं, दीडच्या सुमाराला. सात महिने अधूनमधून गुरुवारी त्याचा डबा घरी भरलेला परत यायचा हे सुंदराला आठवतं. मी कधी बघितलं नव्हतं.

मेथी निवडून झाल्यावर म्हणाली, "तिले रविवारले घर लई या."

मी म्हटलं, जिने असं केलं तिला घरी आणायचं? लोक काय म्हणतील?

"लोके जाऊ द्या. मी सांगस ना, लई या."

रविवार, २१ नोव्हेंबर

मी सांगितल्यावरून धर्मेंद्र तिला घेऊन आला आणि दारातूनच परत जायला निघाला. सुंदराने त्याला थांबवलं. तो माझ्याजवळ पुढच्या खोलीत बसला, पेपर उलटा धरून.

सोनालीने चेतनच्या फोटोकडे पाहिलं नाही. खाली बघून सरळ स्वयंपाकघरात गेली. आमचं घर दोनच खोल्यांचं, बोलणं सगळं ऐकू येतं. मी मुद्दाम ऐकलं असं नाही.

सुंदराने ताट वाढलं. मग सुंदराने विचारलं, "तो तठे काय खाये?"

"माझ्या डब्यातलं," ती म्हणाली. "ज्वारीची भाकरी. ठेचा असला की दोन खायचे. मला चपात्या आणू नको म्हणायचे."

चेतन घरी भाकरी खात नसे. लहानपणापासून नाही. भाकरी केली की सुंदराला त्याच्यापुरत्या दोन चपात्या वेगळ्या लाटाव्या लागत. मला वाटलं सुंदरा म्हणेल, तू दुसऱ्या कोणाचं सांगते आहेस. ती तसं म्हणाली नाही. फक्त म्हणाली, "दोन खाये?"

"दोन. कधी तीन."

मग सुंदरा रडली. सात तारखेपासून ती माणसांसमोर रडली नव्हती. बायका आल्या, गळ्यात पडल्या, तेव्हाही ही कोरडी. आज रडली आणि ती मुलगीही रडली.

मी धर्मेंद्रला हळू विचारलं, हे काय चाललं आहे. तो म्हणाला, "काका, चेतन तुम्हाला सांगणार होता. दिवाळीनंतर, म्हणायचा. तुमच्यासमोर उभा राहिला की त्याची वाचाच बंद व्हायची. मी म्हणायचो, अबे बाप आहे, पोलीस नाही." मग पेपरात तोंड घालून म्हणाला, "माझंही आहे यात. बुधवारी, सहा तारखेला, मी प्रिंटरची रिबन द्यायला भेस्तानला गेलो होतो. गंमत म्हणून तिला म्हटलं, भाभी, तुमचा माणूस चालला अमळनेरला मुलगी बघायला. मला वाटलं तिला माहीत असेल."

आतून तिचा आवाज आला. सुंदराने विचारलं असेल. "एवढंच विचारायचं होतं, आई. तुम्ही अमळनेरला जाणार आहात का, एवढंच."

अमळनेर मी ठरवलं होतं. तारीख मी ठरवली, जिजांना पत्र मी लिहिलं. चेतन बघू म्हणाला. मी त्याला दुसऱ्यांदा विचारलं नाही.

आज पुढे लिहवत नाही.

सोमवार, २२ नोव्हेंबर

सकाळी रजेचा अर्ज दिला आणि दुपारी भेस्तानला गेलो.

धनसुखभाई वाट बघत होते. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं. "हां, बोलो काका. कौन?"

मी बसमध्ये वाक्यं जुळवली होती. ती तशीच म्हटली. डबा जुना आहे. रिंग ऐकून जागं होणं त्याला जमत नाही. ड्रायव्हरमध्ये वीज वाचवायचं पान आहे, ते अशा डब्यासाठी नाही, तरी त्याच्या माथी मारलेलं आहे. असे डबे कामरेजला झोपत होते, उधन्यालाही झोपत होते. बिघाड उपकरणाचा.

"वो तो ठीक. पर बारह बावन को हाथ किसका था?"

"कोणाचा नाही."

"काका, आपने खुद बोला था, किसी ने किया."

"मी चुकलो."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. ते काही भोळे नाहीत, चाळीस वर्षं धंद्यात आहेत. टेबलावर हात ठेवून म्हणाले, "कोई तो होगा. कोई तो होना चाहिए ने. मेरे को रात को वही याद आता है, मैं क्या बोला उसको फोन पे. सोया है क्या. आखरी बात मैंने यही बोली. कोई और निकले तो..."

पुढचं मला कळलं, कारण मीही गेले पंचवीस दिवस तेच करत होतो.

मी म्हटलं, "धनसुखभाई, तुमचाही नाही." त्या मंगळवारी म्हटलं ते रीत म्हणून होतं. आज तसं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. नाव पुन्हा विचारलं नाही.

अठ्ठावीस वर्षांत मी कारणाच्या ठिकाणी खोटं लिहिलेलं नाही. आज अर्धं खरं सांगितलं. बाकीचं अर्धं कोणाच्या नावावर टाकायचं ते मला ठरवता आलं नाही. त्यात माझंही नाव आलं असतं.

बाहेर येऊन सोनालीच्या टेबलाशी गेलो. म्हटलं, ती ओळ आज बदलून टाकू, म्हणजे पुन्हा कोणाला इथे धावत यावं लागणार नाही. मी करणार होतो. वही आणली होती. ती म्हणाली, "मी करते काका. तुम्ही वाचा."

मग मी चेतनचं अक्षर वाचत गेलो आणि ती करत गेली. ही फाईल उघड. इतकं खाली जा. ही ओळ काढ, ही लिही. शेवटची पायरी होती, जतन कर आणि मशीन बंद करून चालू कर. तिथे ती थांबली. मी घाई केली नाही. नाक्याकडून माणसं परत येऊ लागली होती, बॉयलरचा भोंगा वाजला. तिने ओढणीने तोंड पुसलं आणि बटण दाबलं.

मशीन पुन्हा सुरू झाल्यावर तिने तेच पान शोधलं. नव्हतं. तरी तिने दोनदा शोधलं.

मी रिंग रोडला फोन करून सांगितलं, अर्धा तास नंबर लावू नका, मग लावा. आम्ही दोघं तो अर्धा तास बसलो. तिने कामरेजच्या पतपेढीत कसला डबा आहे ते विचारलं. मी चेतन लहानपणी खांबाखाली उभा राहून मला काय काय विचारायचा ते सांगितलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, सुंदराला सुद्धा नाही. मग रिंग आली आणि डब्याने दुसऱ्या घंटीला उचललं. दिवे लुकलुकले, लॉटची यादी यायला लागली. मशीन जसं चालायला हवं तसं चाललं.

घरी आलो तेव्हा सुंदरा दिवाळीचे डबे घासून ज्याच्या त्याच्या घरी परत द्यायला काढत होती. फराळ गल्लीतल्या मुलांना वाटला म्हणाली. मी सांगितलं, नाव दिलं नाही.

"बरं करं," ती म्हणाली.

तिने डबे पुसून घेतले. मग म्हणाली, "आज ती जेवनी का?"

मी म्हटलं, विचारलं नाही.

"तुमले कोन काय सांगी? तुम्ही ईचारतस कधी?"

रागाने म्हणाली नाही. खरं ते म्हणाली. मिलच्या ऑफिसात साडेबारानंतर फोन केला तर तीच उचलते. उद्या विचारीन.